घरट्यातला दवणा

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात एक वाक्य लिहिलेलं आहे. 'घरट्यात देवाचा पाला, पिल्लांच्या जिवावर घाला.' खाली बारीक अक्षरात 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव आणि त्याच्याही आधी माझा फौजेतला हुद्दा. शेजारी हात धुण्याचं वाक्य आहे, त्याच्या पलीकडे झाडं लावण्याचं. त्या दोन वाक्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. माझं वाक्य मात्र खोटं आहे, आणि ते रंगवलं त्या दिवशीही ते खोटं असल्याचं मला माहीत होतं.

आष्ट्याच्या अलीकडे आमचं गाव. फौजेतून सुभेदार होऊन परत आलो तेव्हा घरात मी, बायको, मुलगा आणि वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. तिला एकच बाळ झालं होतं, तेही पाचवी पुजायच्या आत गेलं. तेव्हा आमची आई चुलीपुढं बसून म्हणाली होती, "हिच्या हाताला काय जगत न्हाई." बाळाला काय झालं होतं, दवाखान्यात नेलं असतं तर वाचलं असतं का, याची चौकशी कुणी केली नाही. एका वाक्यात निकाल लागला. मग बरीच वर्षं गावातल्या बारशांना वहिनीला बोलावणं येत नसे. आलं तरी हळदीकुंकू लावून कोपऱ्यात बसवत. बाळ तिच्या हातात देत नसत.

पुढं माझा मुलगा झाला. मी सीमेवर. बायको बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने तापानं अंथरुणात. मुलाला न्हाऊ घालणं, टाळू भरणं, गुटी उगाळणं सगळं वहिनीनं केलं. पोरगं चांगलं धष्टपुष्ट झालं, गावभर हुंदडायला लागलं आणि आईचं ते वाक्य लोक हळूहळू विसरले. बायका आपणहून आपली तान्ही पोरं वहिनीच्या मांडीवर टाकून गप्पा मारायला लागल्या. इतकं सगळं निस्तरायला तिला अर्धं आयुष्य लागलं. ते परत बिघडवायला मला एक वाक्य पुरलं.

निवृत्तीनंतर मला चिमण्यांचा नाद लागला. नाद कसला, रुबाब. हाताखाली माणसं उरली नव्हती, मग पाखरं धरली. साताऱ्याच्या एका फौजी मित्रानं सफरचंदाच्या खोक्यांच्या फळ्यांची घरटी करायला शिकवलं. मी ती पडवीच्या आढ्याखाली ओळीनं ठोकली, आतून बाहेरून चुना मारला आणि खालून गेरूची पट्टी ओढली. छावणीतल्या झाडांना मारतात तशी. प्रत्येक खोक्यावर नंबर टाकला. पिल्लांना मऊ लागावं म्हणून आत गोणपाटाचा तुकडा अंथरला. गोणपाटावर निजायची हौस चिमणीला असते हे मला कुणी सांगितलं होतं देव जाणे. फौजेत मी जवानांना काय मऊ लागतं ते कधी विचारलं नव्हतं, इथं चिमणीला कशाला विचारतोय!

दर रविवारी इन्स्पेक्शन. शिडी लावायची, झाकण उघडायचं, आत बघायचं. बायको खालून म्हणायची, "आवं, त्यांस्नी पट्टं घाला आता कंबरंला, आन् काढा परेडीला."

चिमण्या येत होत्या, हे मात्र खरं. आणि त्या आल्या म्हणून मी मोठा झालो. आधी आमच्या शाळेत भाषण, मग आष्ट्यात, मग साताऱ्याला, वाईला. शाल, नारळ, फोटो. चिमण्या वाचवण्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी मंडपात खुर्च्यांवर बसून राहिलेली, चिमणी आणि सुगरण यांतला फरक न कळणारी माणसं एकमेकांना पुष्पगुच्छ देतात आणि संध्याकाळी आपापल्या घराच्या गॅलरीला जाळी बसवतात. मी त्यांच्यात पहिल्या रांगेत असे. मी सांगायचो, पक्ष्याला स्वच्छता हवी. टाळ्या पडायच्या.

वहिनी दर चैत्रात जोतिबाला जायची. येताना केसापासून टाचेपर्यंत गुलालानं माखलेली असायची आणि पदरात दवण्याची जुडी. दवण्याचा वास कडू आणि गोड दोन्ही. वाळला तरी जात नाही. ती एक जुडी देव्हाऱ्यात ठेवायची, एक लुगड्यांच्या ट्रंकेत, एक दाराच्या चौकटीला खोचायची. मला द्यायला यायची तेव्हा मी वास घेऊन बाजूला ठेवायचो. माणूस शिकला की देवाच्या पाल्याला नाक लावायला लाजतो.

चौकटीवरचा दवणा चिमण्या ओढायला लागल्या. काडी काडी तोडून खोक्यात नेत. दारच्या निंबाचा कोवळा पालाही नेत. मी रविवारी झाकण उघडलं की गोणपाटावर हा सगळा पसारा. वहिनीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "बारसं असंल तिच्या घरात. पाळण्याला वास नगं व्हय, भावजी?"

मी इतका हसलो की शिडी हलली. तिचं कारण चूकच होतं, पण त्यात कुणाला इजा नव्हती. माझं कारणही चूक होतं आणि माझ्या हातात चिमटा होता. मी सगळा पाला काढून फेकला. चिमणीनं परत आणला. मी परत फेकला. तिला सुभेदार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. माझ्याकडं रविवार होता, तिच्याकडं आठवडा. असं दोघांचं चाललं.

एकच घरटं माझ्या तावडीतून सुटलं होतं. बैठकीच्या खोलीत वडिलांचा मोठा फोटो आहे. त्याच्या मागं भिंत आणि चौकट यांच्या फटीत एका जोडीनं संसार मांडला होता. तिथं हात घालायचा तर फोटो उतरवायला हवा, आणि फोटो उतरवला की परत टांगताना तिरपा होतो आणि घरातल्या दोघी मिळून माझ्या मागं लागतात. म्हणून वडिलांची झडती घेतली नाही.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं की शाळेतल्या मुलांना आमच्या घरी आणून पिल्लं दाखवायची. मुलं आली, बचत गटाच्या बायका आल्या, कुणी कुणी मोबाइल वर धरून उभं राहिलं. मी इस्त्रीचे कपडे घालून शिडीवर चढलो. दोन शब्द बोललो, दोनाचे वीस झाले, मग पहिल्या खोक्याचं झाकण उघडलं.

आत पिल्लं मेलेली. गोणपाटावर बारीक तांबडे किडे वळवळत होते, कोंबड्यांच्या खुराड्यात असतात तसले. माझ्या मनगटावर चढले. मी झाकण लावून दुसरं उघडलं. तिथं तेच. तिसऱ्यात एक पिल्लू जिवंत होतं, पण मान टाकलेलं. खालून मुलं ओरडत होती, "आमाला दावा की! दावा की!"

मुख्याध्यापक म्हणाले, "काय झालं सुभेदारसाहेब?"

त्या वेळी म्हणता आलं असतं, की मला माहीत नाही. तीन शब्द. फौजेत ते शब्द मी कधी उच्चारले नव्हते. बरं, ते किडे लपायला जागा कुणी दिली होती हेही माझ्या डोळ्यांसमोरच होतं. गोणपाटाच्या वीणेत ते ठासून भरलेले दिसत होते. पण मी त्याच्या घडीत अडकलेली दवण्याची एक वाळकी काडी चिमट्यानं उचलली, वर धरली आणि म्हणालो, "हे बघा कारण. देवाचा पाला. हा घरात आणायचा, दारात खोचायचा, आणि मग त्यातनं किडे होतात." एवढ्यावर थांबलो असतो तरी वाईटच होतं. मी थांबलो नाही. वहिनी दारात उभी होती, मुलांसाठी चुरमुऱ्यांची परात घेऊन. तिच्याकडं बघून मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या हातानं आलेलं काय जगलंय हो आजवर?"

जमलेल्यांतल्या जुन्या बायकांना आईचं वाक्य आठवलं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं. नव्यांना जुन्यांनी त्याच दिवशी सांगितलं असणार. वहिनीनं परात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि आत गेली. माझी बायको तेवढं म्हणाली, "जिभंला हाड न्हाई तुमच्या." मुख्याध्यापक मात्र खूश झाले. त्यांना बोध मिळाला होता. अंधश्रद्धा, विज्ञान, स्वच्छता, सगळं एका काडीत. महिन्याच्या आत वाक्य यमकात बसवून भिंतीवर आलं.

मंडळी गेल्यावर मी बैठकीत येऊन बसलो. डोक्यावर चिवचिवाट चालला होता. वर बघितलं तर वडिलांच्या फोटोमागून पिवळ्या कडांच्या चोची बाहेर आलेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला दवणा आणि निंब गच्च भरलेला. कुठल्याच खोक्यात इतका पाला नव्हता. तिथली पिल्लं टुणटुणीत होती. थोड्या दिवसांनी ती उडून गेली.

म्हणजे मला कळलं. आडवळणानं नाही, पुढं कधीतरी नाही. त्याच दुपारी, त्याच खुर्चीत. उठून स्वयंपाकघरात जायचं आणि म्हणायचं, वहिनी, तुमच्या दवण्यानं काही झालेलं नाही. बैठकीतून स्वयंपाकघर दिसतं. मी उठलो नाही. वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्या चैत्रात वहिनी जोतिबाला गेली नाही. "गुडघं दुखत्यात," म्हणाली. त्याच गुडघ्यांवर ती दिवसभर उसाच्या बांधावरून ये-जा करत होती. त्यानंतरच्याही चैत्रात गेली नाही. मग मुलाचं लग्न झालं, नात झाली. सून बाळ घेऊन तिच्यापुढं गेली की वहिनी म्हणायची, "हात वल्लं हायत गं माझं." नाहीतर, "पीठ लागलंय." आमच्या घरात इतकं पीठ कधी मळलं जात नसे. ज्या बाईनं माझा मुलगा वाढवला, तिनं त्याच्या मुलीला एकदाही मांडीवर घेतलं नाही. लांबून बघायची. पोरगी रांगत तिच्याकडं आली की उठून परसात जायची. सुनेला वाटलं, मुलगी झाली म्हणून थोरल्या सासूबाई नाराज आहेत. तिनं तसं नवऱ्याला बोलून दाखवलं. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. म्हणजे एका खोट्यावर दुसरं आपोआप चढलं, मला नवीन सांगावंही लागलं नाही.

मग सांगलीच्या एका कॉलेजात पाखरांचा अभ्यास करणारी एक मुलगी माझी कीर्ती ऐकून आली. मी तिला खोकी दाखवली. तिनं गेरूची पट्टी बघून हसू दाबलं. फोटोमागचं घरटं दाखवलं तेव्हा मात्र ती स्टुलावर चढून बराच वेळ बघत राहिली. मी विचारलं, हा पाला कशाला आणतात? ती म्हणाली, काही पाखरं मुद्दाम वासाचीच झाडं निवडतात, आणि वास गेला की ताजा पाला आणून टाकतात. त्या वासानं किडे आणि रोगजंतू कमी होतात असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते किडे तेवढेच राहतात, पण पिल्लं दणकट होतात. काही जातींत नर मादीला खूश करायला असला पाला आणतो. "सगळं एकाच कारणासाठी असेल असं नाही, काका. अजून नक्की सांगता येत नाही."

पाखरांत आयुष्य घालवायला निघालेली पोर बेधडक म्हणाली की नक्की सांगता येत नाही. आणि मी, चार खोकी ठोकलेला माणूस, शाळेच्या भिंतीवर नक्की सांगून बसलो होतो.

तिचं ऐकूनही मी गप्पच राहिलो. उलट तिचं ज्ञान उचललं आणि वाईच्या भाषणात वापरलं. लोकांनी ते फोनवरून पसरवलं, आणि फिरत फिरत ते माझ्याच फोनवर परत आलं तेव्हा वर लिहिलेलं होतं की आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं, म्हणून तर ते देवाला दवणा वाहत. तेच ते मुख्याध्यापक, आता निवृत्त, त्यांनीही हात जोडल्याचं चित्र लावून ते पुढं पाठवलं. काडी तीच. तेव्हा ती अंधश्रद्धा होती, आता ती विज्ञान झाली. मधल्या मध्ये चिमणीला कुणी विचारलं नाही आणि वहिनीला तर नाहीच. पूर्वजांना काय माहीत होतं ते मला ठाऊक आहे. माझी आई माझी पूर्वजच होती.

यंदा सुनेला दुसऱ्यांदा दिवस राहिले. माहेरी न जाता ती इथंच राहिली. मुलगा झाला. वहिनीच्या हातांना पुन्हा पीठ लागायला लागलं. एका सकाळी ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्यापुढं पाट घेऊन बसलो. शेंगा फोडायला लागलो, तशी तिनं संशयानं बघितलं.

"काय पायजे?"

"वहिनी, ती पिल्लं मेली होती ना शाळेच्या पोरांपुढं, ती तुमच्या दवण्यानं नव्हती मेली."

तिचे हात चालूच होते. "मग?"

मी सगळं सांगितलं. गोणपाट, किडे, फोटोमागचं घरटं. सांगताना मीच भाषण करतोय असं वाटायला लागलं, म्हणून मध्येच थांबलो.

"फोटूमागली पाखरं कवा बगितली तुमी?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. एक शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. "म्हंजे ही पोरगी झाली तवा तुमाला ठावं हुतं."

"होय."

"ती माझ्याकडं रांगत याची, तवा बी."

"होय."

तिनं शेंग सुपात टाकली आणि म्हणाली, "बोलताना शिडीवर चढून बोललात, भावजी. साळा हुती, बाया हुत्या. आन् आता हितं सुपापुढं बसून माझ्या कानात सांगताय व्हय? मला काय करायचं हाय त्याचं? मी न्हवते म्हणत मी मारली म्हणून. तुमी म्हणत हुता."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"त्ये दिसतंय," ती म्हणाली. "सरका, सालपटं सांडाय लागल्यात."

मी नव्या मुख्याध्यापकांकडं गेलो. म्हणालो, ते वाक्य पुसा, खोटं आहे. ते तरुण आहेत, नम्र आहेत, काहीही न करण्याची नम्र माणसांची रीत त्यांना चांगली साधली आहे. म्हणाले, "पण यमकात बसलंय साहेब. मुलांना पाठ आहे. पुढच्या रंगकामाला बघू." मी म्हणालो, मीच चुना आणून पुसतो. तर म्हणाले, शाळेची भिंत आहे, तसं करता येत नाही. तिथं मी हात टेकले. भिंत राहिली. ज्यांच्यापुढं बोललो होतो, त्या बायका अजून उरल्या होत्या.

बारशाला घर बायकांनी भरलं. पुरुषांनी बाहेर पडवीत बसायचं अशी रीत. मी मधल्या दारातून आत गेलो तशी कुजबुज झाली. माझी बायको म्हणाली, "आवं, तुमचं काय हितं? च्या भाईर ईल." मी पाळण्याशेजारी उभा राहिलो. शिडी नव्हती आणि भाषणही सुचेना. सरळ म्हणालो, "त्या साली मी ह्या दारात वहिनींना जे बोललो ते खोटं होतं. पिल्लं माझ्या गोणपाटातल्या किड्यांनी मेली. वहिनींचा दवणा ज्या घरट्यात राहिला, तिथली जगली. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. आमची आई बोलली तेही खोटं. माझा मुलगा ह्यांच्या हातानं जगलाय. तो बाहेर बसलाय, बघून घ्या."

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय म्हणतोय गं?" ती म्हणाली, "चिमण्यांचं कायतरी." मागं कुणीतरी फिसकन हसलं. सून माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. ह्या माणसामुळं आपण इतकी वर्षं एका म्हातारीवर रुसून होतो, हा हिशेब तिच्या मनात लागत होता. तो लागल्यावर ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, आणि योग्यच केलं.

पाळण्याच्या एका बाजूला सुनेची आई बाळ घेऊन उभी होती. देवांची नावं घेत बाळ पाळण्याखालून पलीकडं द्यायचं असतं आणि पलीकडच्या बाईनं ते वरून परत द्यायचं. पलीकडची जागा रिकामी होती. सून उठली, वहिनीजवळ गेली आणि म्हणाली, "थोरल्या आत्या, चला."

"माझं हात..."

"वाळल्यात. बगितल्यात मी."

वहिनी उठली. उभी राहायला तिला वेळ लागला. गुडघे आता खरोखरच दुखतात. पाळण्यापलीकडं जाऊन तिनं हात पुढं केले आणि बाळ खालून आलं, तसं तिनं मानेखाली तळवा घालून उचललं. इतक्या वर्षांत तो तळवा काही विसरला नव्हता. बायकांनी देवाचं नाव घेतलं. बाळ वरून परत द्यायचं होतं. तिनं दिलं नाही. तोंडाजवळ घेऊन बघत राहिली.

"टोपरं कुणी शिवलंय गं हे?" ती म्हणाली. "कान उगडं पडत्यात पोराचं." आणि मग माझ्याकडं मान न वळवता, "भावजी, झालं न्हवं तुमचं? मग जावा की भाईर. बायकांत किती उबं ऱ्हाणार?"